हार्ट अटॅक आणि स्ट्रोक: धोक्याची लक्षणं आणि वेळेत मदत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आत्ता घरात कुणाच्या छातीवर दडपण आलं असेल, दरदरून घाम सुटला असेल, किंवा कुणाचं तोंड वाकडं झालं असेल, हात उचलत नसेल, तर हे वाचत बसू नका. १०८ लावा. बाकीचं नंतर वाचा.

मी तालुक्याच्या गावात फिजिशियन आहे. खालचे प्रश्न पेशंट, त्यांचे नातेवाईक आणि वाचक पुन्हा पुन्हा विचारतात तेच आहेत, शक्य तिथे त्यांच्याच शब्दांत. उशिरा पोचलेल्या पेशंटच्या घरच्यांना "वेळ कुठे गेला?" असं विचारलं तर रस्त्याचं किंवा ट्रॅफिकचं नाव क्वचित निघतं. "बघू थोडा वेळ" यातच दोन-तीन तास गेलेले असतात. हे सगळं लिहिलंय ते ते तास वाचावेत म्हणून.

१. हार्ट अटॅक आणि स्ट्रोक एकच का? आमच्याकडे दोन्हीला "झटका आला" म्हणतात.

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते. स्ट्रोकमध्ये मेंदूतली रक्तवाहिनी बंद होते किंवा फुटते. पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा, "अंगावरून वारं गेलं" हे सगळं तेच. दोन्हींत रक्त न मिळालेला भाग मिनिटामिनिटाला मरत जातो, म्हणून दोन्हींत घाई सारखीच. उपचार मात्र वेगळे, आणि घरी काय द्यायचं, काय नाही, हे तर काही बाबतींत अगदी उलटं (प्रश्न ९ आणि १०). हृदयच थांबणं, म्हणजे कार्डियाक अरेस्ट, ही तिसरी गोष्ट. ती प्रश्न १२ मध्ये.

२. हार्ट अटॅकमध्ये नेमकं काय होतं? सिनेमातल्यासारखं छाती धरून कोसळतात का?

बहुतेक जण कोसळत नाहीत. चालत येतात, खुर्चीत बसतात, कधी स्वतः स्कूटर चालवत येतात.

"दुखतंय का?" विचारलं तर अनेक जण "नाही" म्हणतात. मग हळूहळू सांगतात: छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय, आवळल्यासारखं होतंय, आत जळजळतंय, जड झालंय. कुठे ते दाखवा म्हटलं की एक बोट ठेवत नाहीत, अख्खी मूठ छातीच्या मधोमध ठेवतात. हे दडपण डाव्या हातात, दोन्ही हातांत, खांद्यात, मानेत, जबड्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात जाऊ शकतं. सोबत थंडगार घाम, धाप, मळमळ, उलटी, डोळ्यांपुढे अंधारी, आणि "काहीतरी वाईट होणार" अशी भीती. सगळी लक्षणं एकत्र हवीत असं अजिबात नाही. उजव्या बाजूला दुखतंय म्हणून हार्टचं नाही, असंही नाही.

छातीतलं असं दडपण शांत बसूनही पाच मिनिटांत जात नसेल तर १०८. सोबत घाम किंवा धाप असेल तर पाच मिनिटंही थांबू नका.

३. पण गॅसनेही छातीत दुखतं ना? घरच्या घरी ओळखायचं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर दर वेळी तेच: घरी ओळखायचंच नाही. ते काम ईसीजीचं आहे.

कारण सांगतो. हृदयाच्या खालच्या भिंतीला अटॅक येतो तेव्हा पोटाच्या वरच्या भागातच दुखतं, मळमळतं, उलटी होते. उलटी झाली किंवा ढेकर आली की थोडं हलकं वाटतं आणि घरचे म्हणतात, "बघ, गॅसच होता." इनो, सोडा, ओवा किंवा ॲसिडिटीची गोळी घेऊन बरं वाटलं म्हणजे हार्ट नाही, हे सिद्ध होत नाही. अटॅक आलेल्या कितीतरी पेशंटच्या खिशात इनोची फाडलेली पुडी सापडते. एक घेतली, अर्ध्या तासाने दुसरी घेतली, मग पाठ चोळून घेतली, मग शेजारच्यांना विचारलं. तोवर स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो.

काही खुणा गॅसकडे किंवा स्नायूकडे बोट दाखवतात हे खरं. एका बोटाने दाखवता येणारं दुखणं, दाबल्यावर दुखणं, श्वास घेताना टोचणं, क्षणभर सुई टोचून जाणं. पण या खुणांवर डॉक्टरसुद्धा एकट्याने विसंबत नाहीत, ईसीजी काढतातच. तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा बीपी, शुगर, तंबाखू, मिश्री, सिगारेट, घरात कमी वयात हृदयविकार यांपैकी काही असेल, तर "गॅस" हा शब्द ईसीजी झाल्यानंतरच उच्चारा.

आणि शेवटी गॅसच निघाला तर? तर घरी जा आणि शांत झोपा. असं विनाकारण आलेल्या पेशंटवर कुठलाही शहाणा डॉक्टर चिडत नाही. मला तरी त्या रात्री बरंच वाटतं.

४. बायकांना आणि शुगर असलेल्यांना वेगळी लक्षणं येतात असं ऐकलं. खरं का?

बायकांमध्येही छातीतलं दडपण हेच मुख्य लक्षण असतं. पण त्यांच्यात धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, एकाएकी अंगातलं त्राण गेल्यासारखा थकवा हे पुरुषांपेक्षा जास्त दिसतं. जुना मधुमेह असेल तर नसांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे अटॅक अजिबात न दुखता येऊ शकतो. नुसता घाम आणि धाप. सत्तरी पार केलेल्यांमध्ये कधी फक्त गोंधळल्यासारखं होतं किंवा चक्कर येऊन पडणं होतं.

घरातल्या बाईबद्दल आणखी एक. ती सांगतच नाही. पोळ्या होऊ देत, पाहुणे जाऊ देत, मुलांचे डबे होऊ देत. जिना चढताना कधी न लागणारी धाप लागली, भांडी घासता घासता घामाघूम होऊन खाली बसली, तर तिने "काही नाही, दमले जरा" म्हटलं तरी तुम्ही ऐकू नका.

५. स्ट्रोक घरी कसा ओळखायचा?

हार्टच्या उलट, स्ट्रोक घरी बराचसा ओळखता येतो. तीन गोष्टी करायला सांगा.

चेहरा: "दात दाखवा" म्हणा. नुसतं हसायला सांगितलं तर घाबरलेला माणूस हसत नाही. ओठांचा एक कोपरा खाली राहतो का बघा.

हात: दोन्ही हात समोर, तळवे वर, डोळे मिटून दहा आकडे मोजा. एक हात हळूहळू खाली येतो किंवा तळवा आत वळतो का?

बोलणं: एक साधं वाक्य म्हणायला सांगा, "आज बाजारातून मेथीची जुडी आणली." जीभ जड, शब्द भलतेच, की समजतच नाही?

तिघांपैकी एक जरी अचानक बिघडलेलं दिसलं तरी स्ट्रोक समजा आणि १०८ लावा. याशिवाय अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचं न दिसणं, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, आणि आयुष्यात कधी झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी, हीसुद्धा लक्षणं आहेत.

सुरुवात फार साधी असते. चहा पिताना ओठाच्या एका कोपऱ्यातून ओघळतो. चालताना एका पायातली चप्पल निसटते आणि माणसाला कळतही नाही, तो तसाच पुढे जातो. हातातून पेला सुटतो. यातलं काहीच दुखत नाही, आणि न दुखणाऱ्या गोष्टीची आपल्याला घाई वाटत नाही. स्ट्रोकमध्ये उशीर होण्याचं हे सगळ्यात मोठं कारण.

आणि घड्याळ बघा. पेशंट शेवटचा पूर्ण ठीक केव्हा होता, ती वेळ कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. हॉस्पिटलात पहिला प्रश्न हाच असेल.

६. १०८ ला फोन केल्यावर काय सांगायचं?

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते. गोव्यातही नंबर १०८ च. हा लागला नाही तर ११२.

आधी जागा सांगा: गाव, तालुका, मग खूण. "मारुतीच्या देवळामागे" एवढं पुरत नाही, कारण फोन उचलणारी व्यक्ती तुमच्या गावची नसते. मग "छातीत दडपण आणि घाम, अर्ध्या तासापासून" किंवा "तोंड वाकडं, उजवा हात उचलत नाही, सव्वासहाला सुरू झालं" असं थेट बोला. "तब्येत बरी नाही" म्हणू नका. शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, ते सांगा. समोरचे ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका, आणि तो नंबर मोकळा ठेवा. चार नातेवाइकांना त्याच फोनवरून कळवत बसू नका.

एका माणसाला फाट्यावर उभं करा. सोसायटी असेल तर वॉचमनला गेट उघडून लिफ्ट खाली धरून ठेवायला सांगा. कुत्रा बांधा. जुनी फाइल आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला.

७. ॲम्ब्युलन्सची वाट बघावी, की आपल्या गाडीने निघावं?

ॲम्ब्युलन्स लवकर येणार असेल तर तीच बरी. तिच्यात ऑक्सिजन असतो, आणि वाटेत हृदय थांबलं तर काही करता येतं. पण मेळघाटात, कोकणातल्या वाडीवर, सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ती यायला तास लागणार असेल तर थांबू नका. १०८ वर बोलत राहा, वाडीतली जीप, वडाप, टेंपो जे मिळेल ते घ्या आणि वाटेत गाठ पडेल असं ठरवा.

पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, कितीही "मी ठीक आहे" म्हटलं तरी. हार्टच्या पेशंटला अर्धवट बसलेल्या स्थितीत न्या. जिना चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. स्ट्रोकचा पेशंट गुंगीत असेल किंवा उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा. दोघांच्या मध्ये मोटरसायकलवर बसवून नेणं हा अगदीच नाइलाजाचा मार्ग.

८. आधी फॅमिली डॉक्टरकडे न्यावं की थेट मोठ्या हॉस्पिटलात?

फॅमिली डॉक्टरांना फोन जरूर करा, पण त्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसू नका.

स्ट्रोकसाठी एकच कसोटी: जिथे सीटी स्कॅन आत्ता, या वेळी चालू आहे तिथे. वाहिनी बंद झालीय की फुटलीय हे सीटी केल्याशिवाय कुणालाच कळत नाही, आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या विरुद्ध आहेत. सीटी नसलेल्या दवाखान्यात सलाइन लावून घेतलेला तास हा सरळ गमावलेला तास.

हार्टचं थोडं वेगळं. चोवीस तास चालणारी कॅथलॅब (तार घालून हृदयाची बंद वाहिनी उघडतात, म्हणजे ॲन्जिओप्लास्टी करतात, ती खोली) जवळ असेल तर थेट तिथे. पण कॅथलॅब दोन तासांहून लांब असेल तर जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय ओलांडून पुढे जाऊ नका. तिथे ईसीजी निघतो, आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच मिळालं तर हृदयाचा स्नायू वाचतो. ॲन्जिओप्लास्टीसाठी मग पुढे जाता येतं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला मध्यवर्ती ठेवून हीच व्यवस्था राज्यभर उभी केली आहे: ईसीजी लहान केंद्रावर, तो वाचणारे तज्ज्ञ लांब, आणि इंजेक्शन पेशंट असेल तिथेच.

माझी एक विनंती आहे, आणि ती आजच करा. जवळच्या दोन-तीन हॉस्पिटलांना फोन करून विचारा: रात्री सीटी चालू असतो का? गुठळीचं इंजेक्शन देता का? कॅथलॅब रविवारी चालते का? उत्तरं फ्रिजच्या दारावर लावा. रात्री दोन वाजता ही चौकशी कुणाला जमत नाही.

९. छातीत दुखलं तर ॲस्पिरिन द्यावी का? आणि जिभेखालची सॉर्बिट्रेट?

ॲस्पिरिन: पेशंट पूर्ण शुद्धीवर असेल, लक्षणं हार्टची वाटत असतील आणि १०८ लावून झालं असेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. डिस्प्रिनची एक गोळी किंवा ७५ ची इकोस्प्रिन असेल तर चार गोळ्या. चावायच्या, अख्ख्या गिळायच्या नाहीत. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, अल्सरचा रक्तस्राव किंवा काळी शौच असेल, लक्षणांत स्ट्रोकचं काहीही असेल, तर देऊ नका. दुखणं एकाएकी सुरू होऊन छाती-पाठ फाटल्यासारखं वाटत असेल तरीही नाही; तो महाधमनी फाटण्याचा प्रकार असू शकतो. क्रोसिन किंवा कॉम्बिफ्लॅम म्हणजे ॲस्पिरिन नव्हे. गोळी घरात नसेल तर मेडिकल शोधत फिरू नका.

सॉर्बिट्रेट: डॉक्टरांनी याच पेशंटला लिहून दिली असेल तरच, आणि बसवूनच. तिने बीपी झपकन उतरतं. काही प्रकारच्या अटॅकमध्ये, आणि व्हायग्रासारखी गोळी घेतलेल्यांत, ते जिवावर बेतू शकतं. शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवणं ही मदत नाही.

१०. स्ट्रोकमध्ये ॲस्पिरिन, बीपीची गोळी, निदान थोडं पाणी तरी?

तिन्ही नाही. मेंदूत रक्तस्राव असेल तर ॲस्पिरिन घातक ठरू शकते, आणि तो आहे की नाही हे सीटीच सांगतं. बीपी वाढलेलं दिसलं तरी घरी गोळी देऊन उतरवू नका. बंद वाहिनीभोवतीचा मेंदू त्या वाढलेल्या दाबावरच तगून असतो. बीपी एकदम पाडलं तर तोही जातो. पाणी, चहा, साखर, काहीच तोंडात घालू नका. गिळण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात, घोट श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

घरात ग्लुकोमीटर असेल तर साखर तेवढी तपासा. साखर फार उतरली की हुबेहूब स्ट्रोकसारखं दिसतं. साखर कमी असेल आणि पेशंट नीट गिळू शकत असेल तरच गोड द्या. निघणं मात्र त्यासाठी थांबवू नका.

११. व्हॉट्सॲपवर येतं: अटॅकमध्ये जोरजोरात खोका, लकव्यात बोटं सुईने टोचा. करून बघायला काय हरकत आहे?

हरकत वेळेची आहे. खोकून हार्ट अटॅक थांबत नाही. बोटं किंवा कानाची पाळी टोचून मेंदूतली गुठळी हलत नाही. लसूण, लिंबूपाणी, मिरचीचं पाणी यांचंही तेच. वारं गेलं म्हणून कबुतराचं रक्त चोळणं, मालिशवाल्याकडे नेणं, अंगारा लावून सकाळची वाट बघणं, हे मी आजही बघतो आणि प्रत्येक वेळी जीव तुटतो, कारण ती माणसं निष्काळजी नसतात. पेशंटवर जिवापाड माया असणारीच असतात. श्रद्धा असेल तर अंगारा लावा, पण ॲम्ब्युलन्समध्ये बसल्यावर.

१२. माणूस कोसळला, हाक मारली तरी ओ देत नाही. आता?

खांदे हलवून मोठ्याने हाक मारा. प्रतिसाद नाही, आणि श्वास नाही किंवा मधूनच मासा तडफडावा तसे आचके येतायत, तर हृदय थांबलंय असं समजा. आचके म्हणजे श्वास नव्हे; इथे भलेभले फसतात.

एकाने १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा. दुसऱ्याने पेशंटला कडक जमिनीवर उताणं करायचं (गादीवर नाही), छातीच्या मधोमध एका तळव्याचा मागचा भाग, त्यावर दुसरा हात, कोपरं ताठ, आणि पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा. दमलात की माणूस बदला, दाब थांबवू नका. एखादी फासळी मोडेल, ती जुळते. विमानतळ किंवा मोठ्या मॉलमध्ये असाल तर एईडी (हृदय पुन्हा सुरू व्हावं म्हणून विजेचा शॉक देणारं) यंत्र मागवा. ते सुरू केलं की काय करायचं ते स्वतःच बोलून सांगतं.

१३. "गोल्डन अवर" म्हणजे नक्की किती वेळ असतो हातात?

हार्टमध्ये गुठळीचं इंजेक्शन १२ तासांपर्यंत देतात, पण खरा फायदा पहिल्या दोन-तीन तासांत. कॅथलॅब असलेल्या हॉस्पिटलात पोचल्यापासून ९० मिनिटांत वाहिनी उघडावी असं ध्येय असतं. स्ट्रोकमध्ये इंजेक्शनची मर्यादा साडेचार तास. मोठी वाहिनी बंद असेल तर काही निवडक पेशंटमध्ये तारेने गुठळी ओढून काढता येते, ती २४ तासांपर्यंत.

या साडेचार तासांचा हिशेब घरून करू नका. तपासणी, सीटी आणि रक्त यांत हॉस्पिटलचा तासाभराचा वेळ जातो. मोठ्या वाहिनीच्या स्ट्रोकमध्ये दर मिनिटाला सुमारे १९ लाख मेंदूपेशी मरतात. तिसऱ्या तासाला मिळणारं इंजेक्शन पहिल्या तासातल्या इंजेक्शनच्या बरोबरीचं नसतं.

१४. बाबांचा हात दहा मिनिटं लुळा पडला, मग पूर्ण बरा झाला. आता कशाला जायचं?

आत्ताच जायचं, आजच. गुठळी अडकली आणि सुटली असा याचा अर्थ. याला टीआयए म्हणतात. यानंतर मोठा स्ट्रोक येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत सगळ्यात जास्त असतो. मानेतल्या वाहिन्या, हृदयाचे ठोके आणि मेंदूचा स्कॅन बघून वेळेत औषधं सुरू केली तर मोठा स्ट्रोक पुष्कळदा टळतो. इतकी उघड पूर्वसूचना शरीर क्वचितच देतं, ती दवडू नका.

छातीचंही तसंच. चढण चढताना दडपण येतं, थांबलं की जातं, हे नव्याने सुरू झालं असेल, वाढत चाललं असेल किंवा बसल्याजागी येऊ लागलं असेल, तर "गेलं ना आता" म्हणून सोडू नका.

१५. सकाळी उठल्यावरच कळलं की एक बाजू गेलीय. वेळ कशी मोजायची?

शेवटचं ठीक असताना कुणी पाहिलं, तिथपासून. रात्री अकराला झोपले तर अकरा. पहाटे चारला बाथरूमला जाऊन आले आणि नीट चालले तर चार. म्हणून घरातल्या सगळ्यांना विचारा. वेळ उलटून गेली असं तुम्हीच ठरवू नका. काही केंद्रांवर एमआरआय किंवा खास सीटीवरून मेंदूचा किती भाग वाचण्याजोगा आहे ते बघतात आणि उपचार करतात.

१६. ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर सोडत नाहीत. बिल वाढवतायत का?

पहिला ईसीजी नॉर्मल असूनही अटॅक असू शकतो. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही सुरुवातीला नॉर्मल येऊ शकते, म्हणून ती काही तासांनी पुन्हा करतात. पुन्हा ईसीजी काढणं हे चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे. उलट एका नॉर्मल ईसीजीवर घरी पाठवलं आणि दडपण परत आलं, तर त्याच पावली परत जा.

१७. वय ३४, रोज व्यायाम. मला कशाला येईल?

भारतीयांमध्ये हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा साधारण पाच ते दहा वर्षं आधी येतो, आणि तिशीतले पेशंट आता नवे राहिले नाहीत. तंबाखू, सिगारेट, घरचा इतिहास आणि न तपासलेली शुगर ही नेहमीची कारणं. जिममध्ये, गड चढताना, क्रिकेट खेळताना छातीत दडपण आलं तर "स्नायू ओढला असेल" म्हणून पुढचा सेट मारू नका. वारीत चालतानाही तेच: दिंडीसोबत आणि पालखी मार्गावर ॲम्ब्युलन्स असते, सांगायला लाजू नका. रेल्वेत असाल तर १३९, एसटीत असाल तर कंडक्टरला सांगून गाडी थेट दवाखान्याकडे घ्यायला लावा.

१८. नुसती चक्कर आली तर? नुसतं तोंड वाकडं झालं तर?

चक्कर बहुतेक वेळा कानाची असते. पण चक्करेसोबत चालताच न येणं, एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं किंवा गिळता न येणं असेल तर तो मेंदूच्या मागच्या भागाचा स्ट्रोक असू शकतो. "स्पॉन्डिलायटिस" म्हणून मान शेकत बसू नका.

नुसतं तोंड वाकडं झालं आणि त्याच बाजूचा डोळा मिटत नाही, कपाळाला आठ्या पडत नाहीत, तर तो बहुधा चेहऱ्याच्या नसेचा आजार, स्ट्रोक नाही. तरी हा निर्णय डॉक्टरांवर सोडा. दोन्हींत लवकर जाण्याचाच फायदा आहे.

१९. बाळंतपणानंतर पंधरा दिवसांनी वहिनीचं डोकं ठणकतंय, उलट्या होतायत. बाळंतवाताचा त्रास म्हणून सोडून द्यावं का?

नाही, आणि हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत मेंदूतल्या शिरांमध्ये गुठळी होऊ शकते. यात दिवसेंदिवस वाढणारी डोकेदुखी, उलट्या, धूसर दिसणं, फिट येणं, हातापायात कमजोरी अशी लक्षणं येतात. वेळेत ओळखलं तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. तिला आजच सीटी किंवा एमआरआय असलेल्या ठिकाणी न्या, आणि बाळंतीण आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ती बंद करा. अंगातलं पाणी कमी झालं की गुठळीचा धोका वाढतो.

२०. आधीच स्टेंट टाकलाय, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत. तरी अटॅक येऊ शकतो?

येऊ शकतो, त्याच वाहिनीत किंवा दुसरीत. गोळ्या मध्येच बंद केल्या असतील तर जास्तच. दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. झडप बदललेल्यांनी ॲसिट्रॉमसारख्या गोळीचं पाकीट आणि शेवटचा आयएनआर रिपोर्ट (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारी तपासणी) सोबत न्यावा. स्ट्रोकचं इंजेक्शन द्यायचं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं.

२१. रात्री पैसे नाहीत, कार्ड नाही. हॉस्पिटल आत घेईल का?

घ्यायलाच हवं. तातडीच्या पेशंटवर प्राथमिक उपचार करणं सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं. धर्मादाय रुग्णालयांवर तर गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याचं आणि तातडीच्या पेशंटला अनामत न मागता दाखल करण्याचं बंधन आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अंगीकृत रुग्णालयात ॲन्जिओप्लास्टीसारखे उपचार होतात. आता ही योजना राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पेशंटला दाखल करा, मग आरोग्यमित्राला (हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस) शोधा. रेशन कार्ड आणि आधार नंतर आणून देता येतं. हेल्पलाइन १५५३८८. कागदांसाठी घरी परतू नका.

२२. पेशंट यायलाच तयार नाही. "मला काही झालेलं नाही" म्हणतो.

स्ट्रोकमध्ये, विशेषतः डावी बाजू गेलेली असते तेव्हा, काही पेशंटना आपला हात हलत नाही हे खरोखर कळत नाही. तो हट्ट नसतो, आजाराचा भाग असतो. वाद घालू नका, १०८ लावा. हार्टच्या पेशंटला "हार्ट" म्हटलं की तो अडून बसतो, त्याला म्हणा, "एक पट्टी काढून येऊ, पाच मिनिटांचं काम." ज्यांचं तो ऐकतो, थोरली बहीण, जावई, मित्र, त्यांना फोनवर द्या. पण एकीकडे गाडी काढायला सांगा.

२३. आई-बाबा गावी दोघंच, आम्ही बंगळुरूला किंवा परदेशात. काय करून ठेवावं?

तुम्ही बंगळुरूहून १०८ लावलात तर फोन कर्नाटकच्या कक्षात जातो, आणि परदेशातून तो लागतच नाही. म्हणून शेजारी, सोसायटीचा वॉचमन, गावातला गाडीवाला आणि जवळच्या हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स असे चार नंबर तुमच्याकडेही हवेत आणि त्यांच्या फोनजवळ मोठ्या अक्षरात लिहिलेलेही. घराची एक किल्ली शेजारी ठेवा. चालू गोळ्यांची यादी, ॲलर्जी आणि जुना ईसीजी यांचा फोटो स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलमध्ये ठेवा. जुना ईसीजी हाताशी असला की नवा बदल लगेच दिसतो. रोजच्या व्हिडिओ कॉलवर बोलणं जड वाटलं, ओठ एका बाजूला ओढलेला दिसला, तर "नेट स्लो असेल" म्हणून सोडू नका. दात दाखवायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा, आणि शंका आली तर त्यांच्याशी बोलता बोलताच दुसऱ्या फोनवरून शेजाऱ्यांना लावा.